उघडण्याआधीचा फोटो

१

पुढच्या खोलीत दादांचा फोटो स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. पुढे दादा फोटो काढायचे, मधल्या खोलीत वहिनी ते लॅपटॉपवर साफसूफ करायच्या आणि त्यामागे स्वयंपाकघर. दादा आणि वहिनी ही नावं गल्लीनं दिलेली. खरी नावं फक्त विजेच्या बिलावर उरली होती.

मधल्या भिंतीत वर एक झरोका होता. त्यातून पुढचं दिसत नसे, पण ऐकू सगळं येई. "हनुवटी खाली. अजून थोडी. खांदे सैल सोडा." हे सगळ्यांना सारखंच. पण अधूनमधून एखादा चेहरा समोर बसला की दादा कॅमेऱ्यामागून हळूच म्हणायचे, "वा." तेवढंच. बाकीच्यांना नुसतं "झालं, उठा."

तो "वा" ऐकला की वहिनींचा हात माऊसवरच थांबायचा. लग्नाला वर्षं लोटली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी हा मत्सर काही म्हातारा व्हायला तयार नव्हता. दादा वाईट नव्हते. आजारपणात उशाशी बसायचे, भाजी निवडून द्यायचे, कधी आवाज चढवला नाही. पण बायकोकडे कॅमेऱ्यातून बघायची वेळ आली की म्हणायचे, "तुझा काय काढायचा? तू तर रोजच समोर असतेस."

"समोर असलेलं दिसतं का पण?" वहिनी एकदा म्हणाल्या होत्या.

दादा हसले होते. गिऱ्हाइकाला परत द्यायला सुटे नसले की दुकानदार हसतो, तसं.

ज्या बाईला "वा" मिळायचा, तिचा फोटो वहिनी दुप्पट मन लावून करायच्या. जळते, असं कुणी म्हणायला नको.

त्या आठवड्यात "वा" मिळाला बँकेतल्या मॅडमना, आणि तोही ओळखपत्राच्या फोटोला! ओळखपत्राच्या फोटोत आपण स्वतःलाच ओळखू येत नाही, तिथं वा कसला? पण दादांनी दिवा इकडून तिकडे हलवला, पडदा सरळ केला, मॅडमच्या कपाळावरची बट बाजूला घ्यायला लावली. वहिनींनी झरोक्यातून सगळं ऐकलं.

आणि नेमका तोच फोटो करताना लॅपटॉप अडला.

तो आता थकला होता. पंखा दम लागल्यासारखा घरघरायचा, मोठा फोटो उघडायला घेतला की पडदा पांढरा करून बसून राहायचा. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला मागचं आठवायचं नाही. चुकलं तर अनडूचं बटण दाबायचं, की शेवटचं केलेलं रद्द होऊन आपण एक पाऊल मागे येतो. पण हा चार पावलं मागे आला की ठण्ण करून ओरडायचा. म्हणजे, बाई, इथून मागे नाही.

"ठण्ण," लॅपटॉप म्हणाला. मॅडमचे अर्धे केस वहिनींच्या हातून चुकून पुसले गेले होते.

"अहो, याचं काहीतरी करा," वहिनी ओरडल्या, "नाहीतर मी याला विहिरीत टाकीन."

"विहीर कुठाय आपल्याकडे?"

"मग खणीन!"

२

दुरुस्तीवाला घरीच आला. लॅपटॉप पालथा घालून त्यानं मागचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत धुळीची राखाडी गोधडीच पसरली होती.

"वहिनी, याला आता निवृत्ती द्या हो."

"मला कुणी देतंय का? मग याला कशाला?"

"बरं, राहिलं. रॅम, म्हणजे याची स्मरणशक्ती, वाढवून देतो. हे बघा, इथं एक खाच पहिल्यापासून रिकामीच आहे."

वहिनींनी वाकून पाहिलं. एका खाचेत पट्टी बसलेली, तिच्या शेजारची मोकळी. इतकी वर्षं यावर काम केलं, पण आत कुणाची तरी जागा रिकामी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"जुनी पट्टी काढायची का?"

"छे. जुनीच्या शेजारी नवी. दोघी गुण्यागोविंदानं राहतील."

"दोघी गुण्यागोविंदानं?" वहिनी म्हणाल्या. "तुझं लग्न व्हायचंय वाटतं अजून."

दादा दारात उभे होते, ते हसले. वहिनींनी विचारलं, "कुणाची वापरलेली नाही ना रे ही?"

"तुमच्यासमोर पाकीट फोडलं की. कोरी करकरीत आहे." त्यानं पट्टी तिरकी धरली, खाचेत सरकवली आणि अंगठ्यानं दाबली. कट्ट असा लहानसा आवाज झाला. दातांनी दोरा तोडावा तसा. "आता अनडू पण वाढवून ठेवतो. हवं तितकं मागे जा."

"म्हणजे किती?"

"आता ते जाऊनच बघा," दुरुस्तीवाला म्हणाला आणि झाकणाचे स्क्रू आवळायला लागला.

३

काम लोण्यासारखं सुरू झालं. फोटो चटकन उघडायला लागले, पंख्याची घरघर थांबली. खोली इतकी शांत झाली की स्वयंपाकघरातला गळका नळ मधल्या खोलीत ऐकू यायला लागला. वहिनींनी मॅडमचा फोटो पुन्हा घेतला आणि असा केला, असा केला की शेवटी मॅडम मेणाच्या बाहुलीसारख्या दिसायला लागल्या. अतीच झालं, असं म्हणत त्यांनी अनडूवर बोट दाबून ठेवलं.

एकेक पाऊल मागे जायला लागलं. गुळगुळीतपणा गेला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं परत आली, बट विस्कटली. फोटो उघडला तेव्हा होता तसा झाला. आता ठण्ण व्हायला हवं होतं.

झालं नाही. मॅडमच्या गालावर, नाकाच्या जरा बाजूला, एक तीळ उमटला.

वहिनींनी चटका बसल्यासारखं बोट उचललं.

कॅमेऱ्यातला मूळ फोटो त्यांनी वेगळा उघडून पाहिला. तीळ नव्हता. रिडू दाबलं, म्हणजे मागे घेतलेलं एक पाऊल परत पुढे. तीळ गेला. पुन्हा अनडू. आला. आणि खरं सांगायचं तर शोभतही होता मेला. मॅडम त्यानं आणखीच उजळ दिसत होत्या. वहिनींना आधी राग आला तो त्याचाच. भीती मागून आली.

मग त्यांनी रिडू दाबत दाबत फोटो शेवटपर्यंत पुढे आणला. असं पुढे येताना त्या माऊसला बोटसुद्धा लावत नसत. मागे जाऊन एक जरी नवीन रेघ ओढली की पुढचं सगळं कायमचं जातं. ती रेघ नंतर पुसली तरी गेलेलं ते गेलंच. या कामात नवखे लोक रडतात ते इथंच, आणि वहिनींनीही शिकताना एकदा रडून घेतलं होतं.

मॅडम फोटो न्यायला आल्या तेव्हा पाकीट द्यायला वहिनी स्वतः बाहेर आल्या. गाल स्वच्छ होता. तीळ नाही, डाग नाही, काही नाही. फक्त बोलता बोलता मॅडमचं बोट सारखं तिथंच जात होतं, नाकाच्या बाजूला, आणि हळूहळू चोळत होतं.

"काही चावलंय का?" वहिनींनी विचारलं.

"नाही हो वहिनी. सवयच आहे. आमची आई तर म्हणते, तुझं इथलं काहीतरी हरवलंय गं." मॅडम हसल्या. "काय हरवलं म्हटलं की तिलाही सांगता येत नाही."

"हात काढा मॅडम," मागून दादा म्हणाले. "एवढा चांगला चेहरा कशाला चोळताय?"

वहिनी आत निघून गेल्या.

४

मनाचं समाधान करायला माणसाला फार काही लागत नाही. वहिनींनी त्या दुपारी खूप फोटो उघडून पाहिले. शाळेच्या मुलांचे, पारपत्राचे, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाचे. उघडायचा आणि लगेच अनडू दाबायचं. ठण्ण. दुसरा. ठण्ण. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांना कधी एवढा गोड वाटला नव्हता.

त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "अरे, हा उघडण्याच्याही मागे जातो कधीकधी."

"उघडण्याच्या मागे काय असतं वहिनी? काहीच नसतं."

"तेच म्हणते मी."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि दोघांनी समजूत पटल्यासारखा फोन ठेवला.

हे असंच विरून गेलं असतं. पण नणंद आली. दादांची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली, पण मनानं स्वच्छ. मधल्या खोलीत बसून पाय चेपता चेपता तिची नजर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर गेली.

"काय गं वहिनी, हा दादा खांब गिळल्यासारखा का उभा आहे?"

"तुमचा भाऊ तसाच आहे, वन्सं. जन्मतःच गिळला असेल."

"छे! लग्नात काय हसत होता तो. मी लहान होते, पण मला चांगलं आठवतंय. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, बघा नवरीकडे कसा बघतोय म्हणून. आमची आई लाजली होती, बोल!"

"माझ्याकडे?"

"मग काय शेजारणीकडे?" नणंद खदखदून हसली. मग हसता हसताच थांबली. ती वहिनींकडे बघत होती. जरा जास्तच वेळ. सुईत दोरा ओवताना बघतात तसं. "तुझा गळा तेव्हा..." ती म्हणाली. "नाही, तुझा आवाज. तू गात होतीस ना तेव्हा?"

"मी? मला दोन ओळी सुरात येत नाहीत."

"हो ना," नणंद म्हणाली. "तेच तर. चहा टाकतेस का गं?"

चहा टाकताना वहिनींनी आपलं लग्न आठवून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. नवीन चपला पायाला चावत होत्या. मांडवात उकडत होतं. दादा शेजारी उभे होते, ताठ, समोर बघत. त्या दिवसात हसू कुठंच नव्हतं. मग कोपरखळ्या कुणी आणि कशाला मारल्या?

नळ ठिबकत होता. वहिनींनी तो पिळून पाहिला. थांबेना.

५

काही दिवस त्यांनी स्वतःला आवरलं. नसती उठाठेव, म्हणाल्या. ज्या घरात सुखानं दोन घास खातोय, त्याचा पाया उकरून बघू नये. पण एकदा मनात आलं की ते दाढेत अडकलेल्या तुसासारखं असतं. जीभ तिथंच जाते.

दादा जेवायला बसले की वहिनी त्यांच्याकडे बघत बसायच्या. हा माणूस कुणाकडे तरी बघून हसला होता. बायकांनी बघत राहावं असा. आणि त्यातलं उष्टंखरकटंही आपल्या ताटात आलं नाही.

"काय बघतेस?" दादा विचारायचे.

"काही नाही. तुम्ही गाणारी बाई बघितली होती का हो आधी?"

"आधी म्हणजे?"

"माझ्याआधी."

दादांनी घास थांबवला. खरंच आठवून पाहिलं बिचाऱ्यांनी. "नाही," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला, की जणू खिशात हात घालावा आणि खिसाच फाटका निघावा.

त्यानंतरच्या एका दुपारी बँकेतल्या मॅडम परत आल्या. आता म्हणे घरात लावायला मोठा फोटो हवा होता. वहिनी लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. झरोक्यातून ऐकू आलं, "हनुवटी खाली. थोडी. बस्स." मग शांतता. त्या शांततेत काय येणार हे वहिनींना माहीत होतं, तरी त्यांनी श्वास धरला.

"वा."

वहिनींनी लॅपटॉपवर लग्नाचा फोटो उघडला, भिंतीवरचा तो कधीतरी स्कॅन करून ठेवलेला.

नुकताच उघडलेला फोटो. त्यावर त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. पहिल्याच दाबाला ठण्ण व्हायला हवं. त्यांनी अनडू दाबलं.

त्यांच्या कानातली गेली.

आवाज नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. केसांतलं फूल डावीकडचं उजवीकडे आलं. पुन्हा. खांदा अरुंद झाला, गळा लांब झाला. आणि दर दाबाला दादा बदलत होते. आधी मान सुटली. मग खांदा झुकला, त्या बाजूला. मग ओठ उघडले, गाल वर चढले, डोळे बारीक झाले. असा माणूस या घरात कधी राहायला आलाच नव्हता. वहिनींनी स्वतःचा चेहरा जाताना पाहिलाच नाही. तो गेला तेव्हा त्या दादांकडे बघत होत्या.

भानावर आल्या तेव्हा दादांच्या शेजारी दुसरंच कुणीतरी होतं. तोंड त्यांच्याकडे वळवलेलं, त्यामुळे दिसत होता तो एक गाल, एक कान आणि कानामागे अडकवलेले केस. गालाची कड अशी वर उचललेली, की ती काहीतरी बोलतेय किंवा गातेय. आणखी एकदा दाबलं असतं तर तिनं इकडे पाहिलं असतं. वहिनींचं बोट तिथंच थबकलं.

खोलीत काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. काय, ते त्यांना क्षणभरानं कळलं. नळ ठिबकायचा थांबला होता. आपोआप थांबावा तसा नाही. कुणीतरी नीट, हातानं, घट्ट फिरवून बंद करावा तसा.

आणि पुढच्या खोलीत दादा हसले. मोठ्यानं, मोकळेपणानं. भिंतीपलीकडून ते हसू आलं आणि वहिनींच्या समोर, फोटोत, त्याच हसण्यासाठी उघडलेलं तोंड होतं.

रिडू, त्यांनी स्वतःला बजावलं. पुढे चल. कशालाही हात लावू नकोस. पुढे चल फक्त. बोट रिडूवर गेलंसुद्धा.

पण तो गाल. एवढं काय होतं त्यात? तीळ नाही, खळी नाही. आपण यांची दुखणी काढली, यांचे दिवे पुसले, यांनी "वा" म्हटलेल्या बायकांच्या सुरकुत्या एकेक करून इस्त्री केल्या, आणि हसू सगळं हिला. बसल्या जागी. नुसतं तोंड वळवून.

बुद्धीच्या आधी हात गेला. वहिनींनी बारीक ब्रश घेतला, काळा रंग घेतला आणि त्या गालावर एक रेघ ओढली. कानापासून ओठापर्यंत. एकच.

काय बरं वाटलं! खाज सुटलेल्या जागी नख पोचावं तसं. एक पुरता श्वास त्या सुखात गेला.

मग त्यांनी रिडू दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग जोरात, मग बोट तसंच दाबून. पडद्याच्या वरच्या बाजूला रिडूची खूण फिकट राखाडी होऊन गेली होती. पुढे जायला आता काही उरलंच नव्हतं. त्यांचं फूल, त्यांची कानातली, त्यांचा गळा, त्यांचा चेहरा. सगळं त्या एका रेघेच्या पलीकडे राहिलं होतं.

नवखीसारखी चूक, असं त्यांच्या मनात आलं. अगदी नवखीसारखी.

६

"वहिनी, निघते हो!" पुढून मॅडमचा आवाज आला.

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"या हं परत," स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं. गोड, भरलेला आवाज. बोलतानाही सुरात असणारा.

लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसलेल्या बाई हलल्या नाहीत. आतून पावलं ऐकू येत होती. डबा उघडल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज. ते हात चुकत नव्हते, शोधत नव्हते. सगळं कुठं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"अहो," आतली बाई म्हणाली, "जरा इकडे या ना. माझ्या गालाला काय लागलंय बघा. मगाचपासून धुतेय, निघतच नाही."

दादा पुढून लगबगीनं आले. खुर्चीला वळसा घालून, टेबलाकडे न बघता, आत गेले. "कुठं? उजेडात ये. हलू नकोस गं, हसू नकोस. अगं, हसतेस काय!" मग दोघंही हसली. खुर्चीतल्या बाईंना मान वळवता आली असती. दार उघडंच होतं. त्यांनी वळवली नाही. पण लॅपटॉपच्या पडद्याच्या काळ्या कडेत मागचं दार दिसत होतं आणि त्या दारात एक कान, कानामागे अडकवलेले केस आणि गाल चोळणारी बोटं क्षणभर दिसून गेली.

थोड्या वेळानं दादा येऊन टेबलाशी उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"अरे वा, काढलात का आमच्या लग्नाचा फोटो? छान केलंत. ताई, तेवढी हिच्या गालावरची रेघ काढाल का? काय आलंय कुणास ठाऊक. बाकी कशाला हात लावू नका, आहे तसंच छान आहे."

बाईंनी वर पाहिलं. दादा हसत होते. फोटोतलं तेच हसू, खांदा सैल, गाल वर चढलेले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे बघून दादा असे कधी हसले नव्हते.

"मी..." बाई म्हणाल्या.

"घाई नाही हो. आधी चहा घ्या." दादा दाराकडे वळले. "अगं, ताईंनाही टाक!"

"टाकलाय की," आतून आवाज आला. "साखर किती घालू, विचारा त्यांना."

"साखर किती?" दादांनी विचारलं.

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अर्धा चमचा. यांना माहीत आहे. आता म्हणतील, अर्धा चमचा घाल.

दादा आदबीनं वाट बघत थांबले होते. कान मात्र स्वयंपाकघराकडे होते, कारण आत ती गुणगुणायला लागली होती.